‘अचानक’ हा शब्द पुन्हा काढू नकोस

शनिवारी सकाळी सव्वासातला तुझा फोन आला. ‘बाई, अचानक सगळे मासे गेले. एका रात्रीत. काही कळलंच नाही हो.’ आवाज रडवेला होता, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. रविवारी घरी आले, तर तुझी आई समोर, लेक समोर. घरच्या माणसांदेखत तुला झापणं मला बरं वाटलं नाही. आता लिहून पाठवते आहे. फोन बाजूला ठेव, बसून शेवटपर्यंत वाच.

एका रात्रीत काहीही झालेलं नाही. टाकी तुला सहा दिवस सांगत होती. जे दिसत होतं त्याचा तू फोटो काढलास, जे ऐकू येत होतं ते बटण दाबून बंद केलंस, आणि ज्याचा वास येत होता त्याबद्दल बोलणाऱ्या पोरीला अभ्यासाला बसवलंस. अठरा मासे गेले. त्यांतला एकही मासा ‘अचानक’ गेलेला नाही.

तुला मी आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेच्या खिडकीशी आपली दोन फुटी टाकी होती. रोज प्रार्थनेआधी एकाने तिच्यासमोर दोन मिनिटं उभं राहायचं आणि शंभरपानी वहीत एक ओळ लिहायची: काय दिसलं, काय ऐकू आलं, वास कसा होता. तुझी पाळी आली तेव्हा तू पंधरा दिवसांच्या नोंदी एकाच दुपारी लिहून ठेवल्यास. ‘सर्व मासे ठीक आहेत.’ पंधरा वेळा, एकाच शाईने, पुढच्या तारखांसकट. मी तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तू आता चाळिशीला आलास आणि सवय तीच आहे. मासे ठीक आहेत हे तू आधीच ठरवून टाकतोस आणि मग टाकीकडे जातोस.

रविवारी तू मला फोनमधले फोटो दाखवलेस, टाकी किती सुंदर होती हे मला कळावं म्हणून. मी ते तारखेने एकामागून एक पाहिले. तूही पाहा. सोमवारच्या फोटोत मागच्या काचेवरचं प्रवाळांचं चित्र लख्ख दिसतं आहे. मंगळवारी त्याच प्रवाळांच्या कडा पुसट झाल्या आहेत. बुधवारी पाणी ताकाच्या निवळीसारखं. सोमवारी चारही एंजल मासे पुढच्या काचेशी, पंख ताणून उभे. मंगळवारी ते लाकडामागे गेले. बुधवारी चौघेही उजव्या कोपऱ्यात, फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे, पंख अंगाला मिटून. गुरुवारी सगळे टेट्रा पृष्ठभागाशी, तोंडं वर. तो फोटो तू नातेवाइकांना पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘आज सगळे वर आलेत, भूक लागली वाटतं.’ आणि चिमूटभर दाणे जास्त टाकलेस.

ती भूक नव्हती. ते गुदमरत होते.

भुकेला मासा तुझ्याकडे येतो. तू डावीकडे सरकलास की तो डावीकडे सरकतो, काचेशी नाचतो, दाणा पडला की झडप घालतो आणि खाली जातो. गुदमरणारा मासा शेपूट खाली टाकून तिरका लोंबकळतो. त्याचं तोंड पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थराला लागलेलं असतं, उघडझाप चालू असते, कारण हवेतला प्राणवायू तिथेच विरघळतो आणि थोडाफार तिथेच उरलेला असतो. तू हात हलवलास तरी तो हलत नाही. दाणा नाकावर पडला तरी घेत नाही. एवढा फरक ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही, अर्धं मिनिट लागतं. फायटर आणि गुरामी यांची गोष्ट वेगळी. त्यांना हवा घ्यायला वेगळं इंद्रिय असतं, ते मधूनच वर येऊन घोट घेतात आणि परत जातात. तोही फरक पाहूनच कळतो. तुझ्या टाकीत फायटर नव्हता, गुरामीही नव्हता.

आणखी एक गोष्ट. तुझ्याकडे बारा टेट्रा होते असं तू म्हणालास. गुरुवारच्या फोटोत मी दहाच मोजले. उरलेले दोन कुठे होते? लाकडामागे, खडीवर. मेलेले आणि कुजत असलेले. उबदार पाण्यात बोटाच्या पेराएवढा मासा दीड-दोन दिवसांत दिसेनासा होतो. थोडा कुजतो, थोडा बाकीचे मासे खातात. पण त्याचं विष पाण्यातच राहतं. दाणे टाकताना मासे मोजायचे असतात. दुधाचा हिशोब ठेवतोस, वर्तमानपत्राचे खाडे मांडतोस, आणि दिवाणखान्यात ठेवलेले जीव मोजायला तुला जमत नाही?

आता कानांबद्दल. मंगळवारी रात्री फिल्टर घरघर करू लागला, हे तूच मला सांगितलंस. ‘झोप लागेना म्हणून रात्री बंद करायचो.’ हे वाक्य तू इतक्या सहज म्हणालास की मला तिथेच ओरडावंसं वाटलं. घरात म्हाताऱ्या माणसाला धाप लागली तर आवाज होतो म्हणून त्याच्या खोलीचं दार लावून घेशील का? चांगल्या फिल्टरचा आवाज एकसारखा असतो, लांबच्या पंख्यासारखा, थोड्या वेळाने तो जाणवेनासाही होतो. त्यात खडखड आली तर आतली फिरकी झिजली आहे किंवा तिच्यात खडा अडकला आहे. गुळगुळ आली तर हवा शिरली आहे किंवा पाण्याची पातळी खाली गेली आहे. आवाज चढून कण्हल्यासारखा झाला तर पाणी आत ओढलं जात नाही, कुठेतरी चोंदलं आहे. आणि आवाज नाहीसा झाला तर मिनिटभरही थांबायचं नाही, उठून जायचं. तुझा फिल्टर कण्हत होता, कारण तू त्यात नवा स्पंज कोंबून भरला होतास. रविवारी मी तो बाहेर काढला तेव्हा तो अर्धाच फुगला. आत इतका दाबलेला होता.

एअर पंपाचंही तेच. आधी दगडातून बारीक, दाट बुडबुड्यांचा पडदा निघायचा, त्याचा सळसळ आवाज यायचा. मी आले तेव्हा चार मोठे बुडबुडे डबडब करत वर येत होते. पंपातला रबरी पडदा फाटायला आला आहे. पंपावर बोट ठेवलं असतंस तर थरथर कमी झाल्याचं कळलं असतं. आणि त्याच पंपाशेजारच्या सॉकेटमध्ये तू डासांचं लिक्विड लावून ठेवलंयस! पंप खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. त्या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड असतात. माणसाला फारसा त्रास देत नाहीत, माशांना मात्र ती जहाल विषं. ते लिक्विड मी काढून स्वयंपाकघरात ठेवलं आहे, पुन्हा तिथे लावू नकोस. पेस्ट कंट्रोलवाले येतील, रंगारी येतील, तेव्हा खोलीत फवाऱ्याचा वास आला की तोच वास पंपातून पाण्यात चालला आहे हे लक्षात ठेव.

वासाचं बोलायचं तर तुझ्या घरात एकच नाक जागं होतं, तुझ्या तिसरीतल्या लेकीचं. गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली, ‘बाबा, टाकीला मोरीसारखा वास येतोय.’ तू काय केलंस? ‘आधी पाढे पाठ कर.’ हे मला तिनेच सांगितलं, तू आत चहा ठेवायला गेला होतास तेव्हा. मासे मेले ती तुझी चूक. पण त्या मुलीला बरोबर कळलेलं असताना तू तिला गप्प केलंस, याचा मला जास्त राग आला आहे. पुढच्या वेळी ती सांगणार नाही. मुलं असंच शिकतात, नाकाला कळलं तरी तोंड उघडायचं नाही.

निरोगी टाकीवर झाकण उघडून वाकलं की ओल्या मातीचा वास येतो, नदीकाठी बसल्यासारखा. पहिल्या पावसाच्या मातीला ज्याचा वास असतो ते जिओस्मिन पाण्यातल्या सूक्ष्मजीवांतही तयार होतं, आणि माणसाच्या नाकाला त्याची अगदी कणभर मात्राही कळते. हा वास बिघडला की काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. मोरीचा, नासल्याचा वास आला तर काहीतरी कुजतं आहे: न खाल्लेले दाणे, मेलेला मासा, सडलेलं पान. कुजक्या अंड्याचा वास आला तर खडी खाली दाबून बसली आहे, तिच्यात हवा पोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं आहे. काचेतून पाहिलंस तर तळाशी काळे पट्टेही दिसतील. त्या वेळी खडी एकदम ढवळायची नाही, तो वायू सगळ्या टाकीत सुटतो. थोडी थोडी, दर पाणीबदलाला एक कोपरा, अशी साफ करायची.

पण नाकावर भिस्त ठेवून टेस्ट किट फेकून दे, असं मी म्हणत नाही. हे नीट समजून घे, नाहीतर उद्या तू दुसऱ्या टोकाला जाशील. माशाला मारणारा अमोनिया इतका थोडा असतो की त्याचा वास आपल्याला येतच नाही. रविवारी मी तुझ्याकडे टेस्ट किट मागितलं. टीव्हीखालच्या खणात ते होतं, वरचं सील तसंच. मी ते फोडलं, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाच मिनिटांत पालकाच्या रसासारखं हिरवं झालं. ते तुझ्या लेकीने पाहिलं. किट कधी उघडायचं हे डोळे, कान, नाक सांगतात आणि पाण्यात काय आहे ते किट सांगतं. मंगळवारी पाणी पुसट दिसल्या दिसल्या तू ते उघडलं असतंस, तर हा हिरवा रंग अजून फिका असता आणि अठरा मासे जिवंत असते.

आता मूळ कारण. त्याआधीच्या रविवारी तू टाकी ‘स्वच्छ’ केलीस. दुकानदाराने सांगितलं दर महिन्याला स्पंज बदला, म्हणून तपकिरी झालेला जुना स्पंज तू कचऱ्यात टाकलास, फिल्टरचं भांडं नळाखाली ब्रशने घासलंस आणि नवा पांढराशुभ्र स्पंज बसवलास. त्या तपकिरी स्पंजात तुझ्या टाकीचं सगळं बळ होतं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, विष्ठा आणि उरलेले दाणे कुजून आणखी अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशांना बऱ्याच प्रमाणात सोसतं. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. दहावीत तुला मी नायट्रोजनचं चक्र फळ्यावर काढून दिलं होतं, त्यावर तुला पाचपैकी पाच मार्क पडले होते. ते चक्र तू तुझ्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकलंस. नवीन स्पंजात हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि भांड्याला, खाचाखोचांना जे काही चिकटलेलं होतं ते नळाच्या क्लोरीनने मेलं.

मग पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. अमोनिया वाढला. उरलेल्या दाण्यांवर दुसरे जिवाणू माजले, पाणी दुधट झालं, आणि हे जिवाणू पाण्यातला प्राणवायूही खाऊ लागले. त्यात मे महिना. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. त्यात सोसायटीत टँकरचं पाणी, तेही जड. मी पीएच पाहिला तर आठच्या वर. पीएच सातावरून आठावर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. आणि या सगळ्यावर तू शुक्रवारी रात्री अकराला फिल्टरचं बटण बंद केलंस. पाणी हलायचं थांबलं, वरच्या थरात हवा मिसळायची थांबली, बंद फिल्टरमधले उरलेसुरले जिवाणूही गुदमरले. पहाटेपर्यंत व्हायचं ते झालं. तू याला एक रात्र म्हणतोस. मी रविवार ते शनिवार मोजते.

पाण्याला हात लावून पाहिलास का, असं मी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत राहिलास. काचेला तळहात लावायलाही काही खर्च येत नाही. सकाळी एकदा, रात्री एकदा, रोज एकाच जागी. चार दिवसांत तुझ्या हाताला टाकीची ऊब पाठ होते. मग एखाद्या दिवशी काच रोजच्यापेक्षा गरम लागली की हीटर अडकला असेल, खिडकीचं ऊन येत असेल, काहीतरी असेल, थर्मामीटर पाहायचा. फिल्टरच्या धारेकडे नीट पाहिलं की धार मंदावली आहे का ते कळतं. आतल्या काचेवरून बोट फिरवलं की बुळबुळ किती साचली ते कळतं. मात्र पाण्यात हात घालण्याआधी टाकीची सगळी बटणं बंद करायची आणि हात घासून, साबणाचा मागमूस राहणार नाही असा धुवायचा. हातावर कापलं असेल तर हात घालायचाच नाही. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जिवाणू असू शकतो, तो जखमेतून शिरला तर कातडीवर गाठी येतात आणि महिनोन्महिने औषध घ्यावं लागतं. आणि नळी तोंडाने ओढून पाणी काढायची तुझी पद्धत आजपासून बंद. जिभेचं या टाकीत काही काम नाही.

डिसेंबरातलीही गोष्ट तू परवा सहज सांगून गेलास. मॉलींच्या अंगावर पांढरे ठिपके आले, औषध घातलं, तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, औषध थांबवलं, आणि आठवड्याने ‘अचानक’ सगळ्या मॉली गेल्या. परत तोच शब्द. ते रव्याच्या दाण्याएवढे ठिपके म्हणजे कातडीखाली बसून पोट भरणारा एक परजीवी. तो आत असतो तोवर औषध त्याला लागत नाही. पोट भरलं की तो गळून खाली खडीत पडतो, म्हणून मासा स्वच्छ दिसतो. खडीत त्या एकाचे शेकडो होतात, ते पोहत सुटतात आणि मासा शोधतात. औषधाने मरतात ते हेच, पोहत असतात तेव्हा. तू नेमकं त्या वेळी औषध बंद केलंस. आपल्याकडच्या उबदार पाण्यात हे चक्र साधारण आठवडाभरात फिरतं, तेवढे दिवस औषध चालूच ठेवायचं असतं.

ठिपके दिसण्याच्या आधीही मासे सांगतात. ते खडीवर, लाकडावर एकदम अंग घासून जातात, खाज सुटल्यासारखे. पंख मिटतात. रंग उतरतो. तू म्हणालास, ‘हो, घासत होते, मला वाटलं खेळतायत.’ वर आले तर भूक, घासले तर खेळ, कोपऱ्यात बसले तर झोप. तुला जे सोयीचं ते तू माशाच्या तोंडी घालतोस. असं का करतो आहे हे विचारायच्या आधी, काल हा काय करत होता हे आठवायला हवं, आणि ते तुला कधीच आठवत नाही, कारण काल तू पाहिलंच नव्हतंस.

आणि गोल्डफिशबरोबर एंजल ठेवायला तुला कोणी सांगितलं? गोल्डफिश थंड पाण्याचा, घाण भरपूर करणारा, वितीएवढा वाढणारा. एंजल उबदार पाण्याचा. दोघांनाही सोसेल असं पाणी तू देऊच शकत नाहीस. पुन्हा असं करू नकोस.

आता काय करायचं ते सांगते. तुझ्या टाकीत एक सकर मासा वाचला आहे. तो वाचला यात तुझं काही कर्तृत्व नाही; पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर जाऊन हवा गिळतो आणि पोटातूनच ती वापरतो. बाकीच्यांना ते जमत नव्हतं. त्याची जबाबदारी आता तुझी. तो फूटभर वाढेल, तेव्हा नकोसा झाला म्हणून नदीत किंवा तलावात सोडायचं मनातही आणू नकोस. हे मासे आपल्याकडच्या पाण्यात सुटून आधीच माजले आहेत, देशी माशांच्या जिवावर उठले आहेत.

रोज पाव टाकी पाणी बदल, अँटी-क्लोरीन घालून. टँकरचं आलं असेल तर आधी पीएच पाहा. नवा पंप आण. फिल्टर रात्रंदिवस चालू राहील. झोप येत नसेल तर तू आतल्या खोलीत झोप. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता दाबून, आणि तोही अर्धाच. माझ्या टाकीतला अर्धा जुना स्पंज मी पाण्यासकट पिशवीत बांधून शुक्रवारी पाठवते आहे. आल्याबरोबर फिल्टरमध्ये घाल, तासभर बाहेर ठेवू नकोस, त्यातले जीव मरतील. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊन आठवडा होईपर्यंत नवा मासा घरात आणायचा नाही. लेक हट्ट करेल. तिला हिरव्या नळीची आठवण करून दे, तिला कळेल. तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

शंभरपानी वही घे. रोज सकाळी दिवा लावायच्या आधी, दाणे टाकायच्या आधी, दोन मिनिटं टाकीसमोर उभं राहायचं. फोन दुसऱ्या खोलीत. आधी खोलीत शिरताना कान द्यायचा, मग झाकण उचलून वास घ्यायचा, मग काचेला हात, मग डोळे. मासे कुठे उभे आहेत, किती आहेत, पंख उघडे आहेत का, पाण्यावर तेलकट साय आली आहे का, फेस आला असेल तर लगेच फुटतो की टिकून राहतो. आणि एका माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते घड्याळ लावून मोजायचं. हा आकडा पुस्तकात शोधू नकोस. तुझ्या माशाचा, तुझ्या पाण्यातला, तब्येत बरी असतानाचा आकडा तुला माहीत हवा. तो वाढला की दुखणं सुरू झालं, आणि हे दुखणं अंगावर दिसायच्या कितीतरी आधी कळतं. ओळ त्या दिवशीच लिहायची. ‘ठीक आहे’ हा शब्द वहीत चालणार नाही.

लिहायचं काम लेकीला दे. ती वास आला म्हणाली की तू जागचा उठ, खोटा निघाला तरी उठ.

रविवारी सकाळी आठला मला फोन कर. सकर काचेला चिकटला की खालून त्याचे कल्ले स्पष्ट दिसतात. मिनिटाला किती वेळा हलतात तो आकडा मला हवा आहे. आकडा पोरीने मोजलेला असावा, आणि फोनवरही तिनेच सांगावा.